शेवटचा पेपर भूगोलाचा

दहावीच्या परीक्षेचे वेळापत्रक जाहीर झाले, की घरोघरी एक वाक्य हमखास ऐकू येते : "भूगोल काय, अगदी शेवटी आहे, दोन दिवस मिळाले तरी उरकेल." या 'उरकेल'मध्ये आपल्याकडील भूगोलाच्या अभ्यासाची सारी कथा सामावलेली आहे. २०२० सालच्या मार्चमध्ये तर हा शेवटचा पेपर झालाच नाही. २३ मार्च ही त्याची ठरलेली तारीख. करोनाच्या साथीमुळे तो प्रथम लांबणीवर पडला आणि एप्रिलमध्ये रद्द करण्यात आला. इतर विषयांत मिळालेल्या गुणांच्या सरासरीवरून भूगोलाचे गुण देण्यात आले. त्या परिस्थितीत दुसरा मार्ग नव्हता, हे मान्यच केले पाहिजे. परंतु गणिताचा किंवा विज्ञानाचा पेपर असा बुडाला असता, तर जी हळहळ व्यक्त झाली असती, तिचा शतांशही भूगोलाच्या वाट्याला आलेला निदान माझ्या ऐकिवात नाही. उलट, सुटलो एकदाचे, असाच सूर पुष्कळ ठिकाणी होता.

मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. अनेक वर्षे माध्यमिक शाळेत हा विषय शिकविल्यानंतर माझे असे मत झाले आहे, की मुले भूगोलाचा कंटाळा करतात ती विषयामुळे नव्हे, तर आपण त्यांना शिकविलेल्या उजळणीच्या पद्धतीमुळे. ही पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. पुस्तक तीनदा वाचावयाचे, महत्त्वाच्या ओळींखाली लाल-हिरव्या रेघा मारावयाच्या आणि अखेरच्या आठवड्यात बाजारातून आणलेल्या अपेक्षित प्रश्नसंचातील उत्तरे घोकावयाची. तिसऱ्या वाचनाच्या वेळी सारे ओळखीचे वाटू लागते आणि विद्यार्थ्याची समजूत होते, की आपल्याला येते. प्रश्नपत्रिका समोर आल्यावर मात्र उत्तर जिभेवर येऊन अडते. पाहिलेला चेहरा ओळखणे निराळे आणि त्या माणसाचे नाव-गाव सांगणे निराळे. तोच हा फरक आहे.

विस्मरणाचा हा व्यापार काही नव्याने उघडकीस आलेला नाही. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. पाठ केलेल्या मजकुराचा मोठा भाग पहिल्या काही तासांतच निसटतो आणि त्यानंतर विसरण्याचा वेग मंदावतो, असे त्याला आढळले. अलीकडे, २००६ साली, रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन संशोधकांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर एक साधा प्रयोग केला. काहींनी एक उतारा पुनःपुन्हा वाचला. काहींनी तो वाचून मग न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुनःपुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. परीक्षा पाच मिनिटांनी होत नसते, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रयोगाचा मथितार्थ आपोआप स्पष्ट होतो.

तेव्हा उजळणीचा पहिला नियम असा, की पुस्तक मिटून ठेवावयाचे. एक पाठ वाचल्यावर कोरा कागद घ्यावा आणि त्या पाठातील जे आठवेल ते लिहावे. मग पुस्तक उघडून राहिलेले दुसऱ्या रंगाने भरावे. तीन-चार दिवसांनी, आणि पुन्हा दहा-बारा दिवसांनी, तोच कागद नव्याने भरावा. नकाशाच्या बाबतीत तर याला पर्याय नाही. भारताची बाह्यरेषा हाताने काढावी, मग ती कितीही वेडीवाकडी येवो, आणि तीत नर्मदा, तापी, गोदावरी, कृष्णा, अरवली, छोटा नागपूर आठवून मांडावे. छापील नकाशाकडे तासभर पाहत बसण्यापेक्षा अशा पाच मिनिटांच्या चुकांतून मुलगा अधिक शिकतो. दहावीच्या भूगोलाच्या चाळीस गुणांत नकाशा आणि आलेख यांचा वाटा अलीकडच्या परीक्षांत जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याचा राहिला आहे. हे गुण घोकून मिळत नाहीत. ते हाताला वळण लावूनच मिळवावे लागतात.

दुसरा नियम खास भूगोलाचा आहे, आणि माझ्या दृष्टीने तो अधिक महत्त्वाचा. भूगोलात सुटी माहिती फार थोडी असते. जे असते ते बहुधा कार्यकारणाच्या साखळीत गुंफलेले असते. साखळीची एक कडी हाती आली, की पुढच्या चार आपोआप येतात. २०१८ साली आलेले दहावीचे भूगोलाचे पुस्तक भारत आणि ब्राझील या दोन देशांची तुलना करीत पुढे जाते. विद्यार्थ्यांची तक्रार अशी, की त्यामुळे एकाऐवजी दोन देश पाठ करावे लागतात. वस्तुतः या मांडणीने ओझे निम्म्यावर यावयास हवे. सातारा जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. महाबळेश्वरास वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातील माण तालुक्यात तो सुमारे पाचशे मिलिमीटरवर येतो. समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडतात, वर चढताना थंड होतात, पाऊस देतात आणि पलीकडे उतरेपर्यंत कोरडे होतात. हे ज्याला एकदा उमगले, त्याला ब्राझीलच्या ईशान्य भागातील अवर्षण चतुष्कोन पाठ करावा लागत नाही. तेथे अटलांटिकवरून येणारे वारे आहेत आणि सह्याद्रीच्या जागी अजस्र कडा आहे. कारण तेच, नावे तेवढी निराळी. 'भौगोलिक कारणे लिहा' या प्रश्नाची अर्धी उत्तरे अशी एकमेकांची भावंडे असतात.

आकडेवारीचेही तेच. भारताची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १२१ कोटी होती आणि घनता दर चौरस किलोमीटरला ३८२. ब्राझीलची लोकसंख्या २०१० मध्ये सुमारे १९ कोटी आणि क्षेत्रफळ सुमारे ८५ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या अडीच पटींहून अधिक. मग ब्राझीलची घनता पाठ कशाला करावयाची? भागाकार केला की ती बावीस-तेवीसच्या आसपास येते. स्थानिक वेळेचे गणित तर याहून सोपे आहे. एका रेखांशाला चार मिनिटे, हे एकच सूत्र. भारताची प्रमाणवेळ पूर्व रेखांश ८२ अंश ३० मिनिटांवर, ब्राझीलियाची पश्चिम ४५ अंशांवर. अंतर साडेएकशेसत्तावीस अंशांचे, म्हणून फरक ५१० मिनिटांचा, अर्थात साडेआठ तासांचा. आपल्याकडे सायंकाळी सहा वाजले असता तेथे सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात. हे ज्याने स्वतः एकदा मांडून पाहिले, तो आयुष्यात विसरत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो बिनबुडाचा नाही. समजून घेण्याला वेळ लागतो. परीक्षा तोंडावर आलेली. तपासणारा परीक्षक पुस्तकातील शब्द शोधतो. तेव्हा पाठांतराला नावे ठेवून काय उपयोग? पाठांतराला माझा सरसकट विरोध नाही. नद्या, पर्वत, शहरे आणि राज्ये यांची नावे पाठच करावी लागतात. वर्णमाला पाठ न करता कोणी वाचावयास शिकत नाही. पारिभाषिक शब्दही अचूकच वापरावयास हवेत. 'पर्जन्यछाया' म्हणावयाचे तेथे 'पाऊस कमी पडणारी जागा' म्हणून भागणार नाही. माझे म्हणणे इतकेच, की नावे पाठ करावीत आणि कारणे समजून घ्यावीत. आपण नेमके उलट करतो. कारणांचे परिच्छेद घोकून घेतो आणि नावे नकाशावर कोठे आहेत ते दाखविण्याचे राहून जाते. वेळेविषयी म्हणाल, तर वर्गाच्या तासातील पहिली दहा मिनिटे मिटल्या पुस्तकाने पाच प्रश्न विचारण्यासाठी राखून ठेवली, तरी वर्षाअखेर स्वतंत्र उजळणीची धावपळ बरीच कमी होते. हा माझा अनुभव आहे.

मात्र सारा भार विद्यार्थ्यावर टाकून शाळांना मोकळे होता येणार नाही. ज्या शिक्षकाचे तास भरत नाहीत, त्याच्या गळ्यात भूगोल बांधावयाचा, हा अनेक शाळांतील रिवाज आहे. नकाशे कपाटात गुंडाळून ठेवलेले असतात, आणि बाहेर निघाले तर फळ्याशेजारच्या खिळ्यावर टांगले जातात. एकदा मी नववीच्या एका हुशार मुलीस उत्तर दिशा दाखवावयास सांगितले. तिने बोट वर छताकडे केले. वर्ग हसला, मला मात्र हसू आले नाही. भिंतीवरचा नकाशा जन्मभर उभाच पाहिलेल्या मुलीला उत्तर वरच दिसणार! त्या दिवशी आम्ही नकाशा खाली काढला, पटांगणात जमिनीवर पसरला आणि सूर्य पाहून त्याची दिशा जुळविली. पंधरा मिनिटेच लागली. परंतु ती पंधरा मिनिटे वेळापत्रकात कोठे लिहिलेली नव्हती.

पालकांनाही यात पुष्कळ करता येण्याजोगे आहे. कचेरीतून दमून आलेल्या वडिलांना किंवा आईला भूगोल आठवत नसेल तर बिघडत नाही. पुस्तक आपल्या हाती घ्यावे आणि मुलाला विचारावे. उत्तर बरोबर की चूक, ते पुस्तकच सांगेल. आपल्याला खरोखर माहीत नसलेली गोष्ट आईला समजावून सांगताना मुलाची जी तारांबळ उडते, तीच त्याची सर्वोत्तम चाचणी. वर्तमानपत्रातील पावसाचे व धरणसाठ्याचे आकडे आठवडाभर उतरवून त्यांचा स्तंभालेख काढावयास लावावा. यासाठी शिकवणीची फी भरावी लागत नाही.

आणि हा सारा खटाटोप केवळ चाळीस गुणांसाठी आहे, असे कोणी समजू नये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण हे गाव डोंगर कोसळून गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली. भूगोल येत असता तर या आपत्ती टळल्या असत्या, असे म्हणणे बाष्कळपणाचे होईल. परंतु नदीचे पात्र कोणते, तिचे पूरक्षेत्र कोठवर, डोंगराचा उतार केव्हा धोक्याचा होतो, भरतीच्या वेळी शहराचे पाणी का तुंबते, हे ज्यांना कळते असे नागरिक गावोगाव असतील, तर बांधकामाचा परवाना देताना कोणी तरी प्रश्न विचारील, आणि तो प्रश्न सहजासहजी झटकून टाकता येणार नाही. असा नागरिक ज्या वर्गात घडावयाचा, त्या वर्गातील विषय आपण शेवटच्या दोन दिवसांत उरकावयास ठेवला आहे.

परीक्षेच्या वेळापत्रकात कोणता तरी पेपर शेवटी यावयाचाच. तो भूगोलाचा आला म्हणून काही बिघडत नाही. पण अभ्यासातही तो शेवटी असावा, असे परीक्षा मंडळाने कोठेही म्हटलेले नाही. तो क्रम आपणच लावला आहे. आपणच तो बदलावयास हवा. त्यासाठी आज संध्याकाळी एक कोरा कागद आणि एक पेन्सिल पुरेशी आहे.