मनातला अमिताभ आणि साच्यावरचा मी



आम्ही मूळचे धुळे जिल्ह्यातले. १९९३ला भेस्तानला आलो आणि बावीस वर्षं पावरलूमवर काढली. बारा तासांची पाळी, आठ साचे. ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहीत आहे, खडखडाट एवढा की शेजारचा काय बोलतो ते ओठांवरून ओळखायचं. हात कांडी बदलतात, तुटलेला धागा जोडतात आणि डोकं रिकामं. मग डोक्यात पिक्चर सुरू.

माझ्या पिक्चरमध्ये मी ‘दीवार’मधला अमिताभ. ताक्यातल्या डागासाठी कापलेले पैसे शेठला रोज परत द्यायला लावायचो. तेवढ्यात मास्तर खांदा हलवायचा, "तुनं ध्यान कथं शे?"

लोक म्हणतात, असली स्वप्नं म्हणजे आळस. मला नाही पटत. तेच ते बारा तास काही जणांनी दारूवर काढले, मी पिक्चरवर काढले. घर चाललं, पोरं शिकली.

पण एक गोष्ट मनात सलते. एका रात्री शेजारच्या साच्यावरच्या पोराचं बोट गेलं. दवाखान्याचा खर्च शेठनं दिला आणि नंतर त्याच्याच पगारातून कापला. पोराचा भाऊ माझ्याकडे आला. "दादा, तुम्ही जुने आहात. सोबत चला ना, शेठशी बोलू." मी म्हटलं, पाळी आहे. आणि त्याच रात्री साच्यावर उभा राहून मनातल्या मनात शेठला असा झापला की टाळ्या पडल्या!

चूक तिथं झाली. रात्री फुकटात जिंकलेली लढाई दिवसा लढावीशीच वाटत नाही.

आपल्या शेजारचं मालेगाव बघा. तेही पावरलूमचंच गाव. तिथं नासिर शेख यांनी हौशी पोरं गोळा करून २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला. पुढे त्यांच्या सुपरमॅनच्या पिक्चरमध्ये शफीक शेख हिरो झाले. काडीसारखी अंगकाठी, काम पावरलूमवरचं. हिरव्या कापडासमोर आडवे होऊन ते आकाशात उडाले. त्यावर फैजा अहमद खान यांनी २००८ साली माहितीपट केला. २०११ला शफीक कॅन्सरनं गेले. स्वप्न त्यांचंही माझ्यासारखंच, खुळं. पण त्यांनी ते चार माणसांसमोर आणलं, हसू होईल याची भीती न बाळगता. मी माझं डोक्यातच ठेवलं.

म्हणून पोरांना एवढंच सांगतो, स्वप्नं खुशाल बघा. पण त्यातली एक तरी गोष्ट दिवसाउजेडी करा, छोटी का असेना.

तो पोरगा आता चहाची गाडी लावतो. अजून मला दादा म्हणतो, चार बोटांनी कप पुढे करतो. त्याची माफी मी मनात शंभर वेळा मागितली आहे. उद्या सकाळी तोंडानं मागणार आहे. इथं लिहून टाकलं, म्हणजे आता माघार नाही.