साखरेच्या कुलपातील विष

‘कडू कारले साखरेत घोळले तरी कडू ते कडूच’, ही म्हण आपल्या घराघरांतून ऐकू येते. परंतु घोळणे आणि जोडले जाणे यांत फार अंतर आहे. साखर वरून लागली तर पदार्थाचा स्वभाव बदलत नाही. रेणूशी जोडली गेली तर मात्र नवाच पदार्थ जन्मास येतो.

१८९३ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी ग्लुकोज व मिथिल अल्कोहोल यांच्या मिश्रणात हायड्रोजन क्लोराइड वायू सोडला. आम्लाच्या सान्निध्यात शर्करेच्या पहिल्या कार्बनवरील हायड्रॉक्सिल गट पाण्याच्या रूपाने निघून गेला व त्याच्या जागी अल्कोहोल जोडले गेले. अशा संयुगास ग्लायकोसाइड म्हणतात. आम्ल येथे केवळ मध्यस्थ असते. सोयरीक जुळवून स्वतः अलिप्त राहते. मात्र भरपूर पाण्याच्या सोबतीने तेच आम्ल ही सोयरीक मोडूही शकते.

वनस्पती हेच कार्य विकरांच्या साहाय्याने करतात. अल्कोहोल म्हणजे केवळ मद्य नव्हे. योग्य जागी हायड्रॉक्सिल गट धारण करणारी असंख्य कार्बनी संयुगे या कुळात मोडतात. त्यांपैकीच एक, मॅन्डेलोनायट्राइल, आपल्या पोटात सायनाइड बाळगून असते. ग्लुकोजचे दोन रेणू त्याला जोडले की होते अ‍ॅमिग्डॅलिन. १८३० साली फ्रान्समध्ये ते कडू बदामांतून प्रथम वेगळे करण्यात आले. साखरेच्या कुलपात विष असे बंदिस्त राहते. कुलपाची किल्ली, म्हणजे इमल्सिन हे विकरही त्याच बदामात, पण निराळ्या ठिकाणी असते. बी चावताच दोघांची गाठ पडते, बंध तुटतो आणि सुगंधी बेंझाल्डिहाइडबरोबर जहाल हायड्रोजन सायनाइड मुक्त होते. बी खाणाऱ्या प्राण्यांविरुद्ध झाडाने केलेली ही तटबंदी होय.

हे सारे सांगण्याचे कारण एवढेच की, जर्दाळूच्या बियांतील कडू गर ‘व्हिटामिन बी-१७’ या भारदस्त नावाने कर्करोगावर सुचविला जातो. असे कोणतेही जीवनसत्त्व नाही. ते अ‍ॅमिग्डॅलिनच आहे. अमेरिकेत १७८ कर्करोग्यांवर घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष १९८२ साली प्रसिद्ध झाले. त्यांत या औषधाचा भरीव लाभ दिसला नाही. उलट काही रुग्णांच्या रक्तात सायनाइडचे प्रमाण धोक्याच्या पातळीजवळ पोहोचले होते. गर न चावता गिळला तरी भय टळत नाही, कारण आतड्यांतील जीवाणूंपाशीही ती किल्ली असते.

घरातील आजारी माणसासाठी जीव तुटतो, तेव्हा कोणताही उपाय करून पाहावासा वाटतो. ही माया समजण्याजोगी आहे. परंतु तिच्यापोटी रुग्णाच्या हाती कडू गर देऊ नये. आणि मुलाच्या तोंडात एखादा बदाम कडू लागला, तर ‘टाकू नकोस, खाऊन टाक’ असा आग्रह धरू नये. त्याला तो थुंकू द्यावा. जिभेने वेळीच दिलेली ती सूचना असते.