कालवा उशाला, जार दाराला



मागच्या रविवारी विहारात वंदना आटोपून चपला घालीत होतो, तोच ओळखीतल्या एका भगिनीने हाक मारली. "भाऊ, जरा थांबा. पोरीचं शाळेचं लिखाण बघून द्या. तुम्ही हापिसातले, तुम्हाला कळतं." मुलगी नववीत. विषय होता 'जगातील गोड्या पाण्याची टंचाई व तिची कारणे'. सुवाच्य अक्षरात चार पाने लिहिली होती. कारणे मात्र दोनच : लोकसंख्या वाढली आणि पाऊस कमी झाला.

मी विचारले, "बाळ, तुमच्या घरी पाणी कसं येतं?"

"नळाला एक दिवसाआड, काका. वस्ती चढावर आहे ना, टोकाला. धार बारीक असते. प्यायला जार घेतो."

"मग हे का नाही लिहिलंस?"

"ते जगाचं नाही, आमचं आहे," ती म्हणाली.

या उत्तरावर मी तिथल्या तिथे काही बोललो नाही. पण आठवडाभर ते डोक्यातून गेले नाही, म्हणून या वेळचे सदर त्यावरच.

आपल्या लोणी काळभोरचेच पाहा. खडकवासल्यातून निघालेला नवा मुठा उजवा कालवा हडपसर, फुरसुंगी करीत आपल्या शिवारातून पुढे उरुळी कांचन, यवत, दौंड, इंदापूरकडे जातो. इंग्रजांच्या काळातला जुना कालवा, ज्याला सगळे बेबी कालवा म्हणतात, तोही आपल्याच भागातून जातो. उत्तरेला मुळा-मुठा नदी. म्हणजे दोन कालवे आणि एक नदी. आणि सकाळी सोलापूर रस्त्याला उभे राहिले तर निळे जार भरलेले टेंपो एकामागून एक वस्त्यांकडे वळताना दिसतात. धरण उशाला नि कोरड घशाला ही म्हण आपल्या आज्यांनी उगीच केलेली नाही.

आता जगाचा हिशेब. पृथ्वीवरच्या एकूण पाण्यातले सुमारे साडेसत्त्याण्णव टक्के खारट. उरलेल्या अडीच टक्क्यांतले दोन तृतीयांशाहून जास्त बर्फात गोठलेले, बाकीचे बहुतेक जमिनीखाली. नद्या आणि तळी यांच्या वाट्याला गोड्या पाण्यातले अर्धा टक्काही येत नाही. हे ऐकले की छाती दडपते. पण हे पाणी दरवर्षी पावसाने पुन्हा भरते, त्यामुळे खरा प्रश्न एकूण किती आहे हा नसून कुठे, केव्हा आणि कोणाच्या हाती आहे हा आहे.

टंचाई मोजण्याची एक पट्टी स्वीडनच्या माल्लिन फाल्केनमार्क या विदुषींनी १९८९ साली मांडली. देशाचे वर्षभराचे उपलब्ध पाणी भागिले लोकसंख्या. माणशी १७०० घनमीटरच्या खाली आले की ताण, १००० च्या खाली आले की टंचाई. भारतात १९५१ साली हा आकडा ५१७७ होता. २०११ साली १५४५ झाला. म्हणजे सरकारी आकड्यांनीच आपण ताणाच्या रेषेखाली आलो. माणसे वाढली, हे पोरीचे म्हणणे खोटे नाही.

पण मी बी.कॉम. झालेला कारकून. सरासरी हा शब्द दिसला की माझा हात वहीकडे जातो. एका टेबलावर साहेबाला लाख रुपये आणि शिपायाला दहा हजार पगार असेल, तर सरासरी पंचावन्न हजार निघते. त्या सरासरीवर शिपायाची चूल पेटत नाही. पाण्याचेही तेच. देशाच्या सरासरीत चेरापुंजीचा पाऊस आहे, माण-खटावचा दुष्काळ आहे, शहरातल्या बंगल्याची हिरवळ आहे आणि आपल्या भगिनीच्या दारातली कळशीही आहे.

म्हणून दुसरा आकडा बघा, जो मला जास्त बोलका वाटतो. दक्षिण आफ्रिकेत केपटाउन शहरात २०१८ साली नळ बंद पडायची वेळ आली. जगभरच्या वर्तमानपत्रांत मोठमोठे मथळे आले. संकटाचा उपाय म्हणून तिथे प्रत्येक माणसाला दिवसाला ५० लिटरची मर्यादा घातली. केवढा हाहाकार झाला! आणि आपल्याकडे १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालेल्या जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाचा नेहमीचा, सुकाळातला हक्क किती ठरवला आहे? ५५ लिटर. त्यांच्या आणीबाणीपेक्षा पाच लिटर जास्त, आणि तेही मिळाले तर. शहराला मात्र १३५ लिटरच्या पुढचा निकष आहे. लोणी पुण्याला चिकटली, गोदामे आली, महाविद्यालये आली, भाड्याच्या खोल्यांचे मजले चढले, पण कागदावर आपण अजून खेडे. काम शहराचे करायचे आणि पाणी खेड्याचे प्यायचे.

मग मुठेचे पाणी जाते कुठे? खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणे मिळून साठा सुमारे २९ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे जवळजवळ २८३२ कोटी लिटर. पुणे शहरासाठी करारात ११.५ टीएमसी धरलेले होते, प्रत्यक्षात शहराची उचल त्याच्या किती तरी पुढे गेलेली आहे. शहरात माणसे वाढली, त्यांना पाणी लागणारच. त्यांत आपलेही हजारो लोक आहेत, येरवड्यापासून दांडेकर पुलापर्यंत. त्यांना पाणी देऊ नका असे मी म्हणणार नाही. शाक्य आणि कोलिय रोहिणी नदीच्या पाण्यावरून हातघाईवर आले तेव्हा सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला, हे आपल्या घरोघरी माहीत आहे. पुणे विरुद्ध दौंड-इंदापूर असे लावून द्यायला पुढारी समर्थ आहेत, आपण त्यात तेल ओतायला नको.

पण गळतीचे काय? शहरातल्या जुन्या नळवाहिन्या झिरपतात, कालवा झिरपतो. २७ सप्टेंबर २०१८ रोजी हाच उजवा कालवा जनता वसाहतीजवळ फुटला आणि दांडेकर पुलाच्या झोपडपट्टीत शेकडो घरांत पाणी शिरले. तेव्हाच्या जलसंपदा मंत्र्यांनी दोष दिला उंदीर, घुशी आणि खेकड्यांना! पाण्यावाचून हाल होतात तेही गरिबाचे आणि पाणी वाहून आले तर संसार बुडतो तोही गरिबाचाच.

शहराने पाणी घ्यावे आणि त्याबदल्यात सांडपाणी शुद्ध करून साडेसहा टीएमसी शेतीला परत द्यावे, अशी योजना आहे. त्यासाठी मुंढव्याला जॅकवेल बांधली, ते पाणी बेबी कालव्यात सोडतात. योजना कागदावर उत्तम आहे. पण कालव्याकाठी राहणाऱ्याला त्या पाण्याचा रंग आणि वास विचारा. नदीचा विचार तर करवत नाही. उन्हाळ्यात थेऊरकडे मुळा-मुठेवर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो, तो सांडपाण्यातल्या मैल्यावर पोसलेला असतो. नदी शुद्ध करण्यासाठी जपानच्या कर्जाचा करार २०१६ साली झाला, कामे वर्षानुवर्षे रेंगाळली. नदीत पाणी असूनही पिण्याजोगे नसणे ही टंचाईच आहे, आणि ती पावसाने केलेली नाही.

राज्यभराकडे पाहिले की उसाचे नाव घ्यावे लागते. कृषी मूल्य आयोगाच्या अहवालांनीच म्हटले आहे की महाराष्ट्रात लागवडीच्या चार टक्क्यांच्या आसपास जमिनीवरचा ऊस सिंचनाच्या पाण्यातला दोन तृतीयांशाहून मोठा वाटा पितो. एका एकराला पीक निघेपर्यंत ऐंशी लाख लिटरच्या आसपास पाणी लागते असे धरा. माणशी ५५ लिटरने पाच जणांच्या घराला वर्षाला एक लाख लिटर पुरतात. एक एकर ऊस म्हणजे ऐंशी घरे! हे मी उसावर रागाने लिहीत नाही. थेऊरचा यशवंत कारखाना २०११ साली बंद पडला तेव्हा कामाला मुकलेल्यांची चूल कशी विझली, ते या भागाने पाहिले आहे. पण एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. म्हणजे एकराच्या ऐंशी लाखांतला सोळावा हिस्सा. सोव्हिएत राजवटीत मध्य आशियात कापसासाठी दोन नद्या वळवल्या आणि अरल समुद्र वाळून गेला, मासेमारीच्या होड्या वाळवंटात उभ्या राहिल्या. पैशाचे पीक आधी आणि पिण्याचे पाणी मागून, हा क्रम जगात सगळीकडे सारखाच.

राहिली बोअर. आपल्याकडे खाली काळा पाषाण. पाणी त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमात साठते, खडक स्वतः काही धरत नाही. शेजाऱ्याने तीनशे फूट नेली म्हणून आपण पाचशे न्यायची, यात कित्येकदा फक्त कर्ज खोल जाते. आणि जे पाणी लागते ते असे जड की भांड्यांवर पांढरा थर आणि डाळ शिजता शिजत नाही.

आता पुन्हा त्या जारकडे येऊ. वीस लिटरचा जार तीस रुपयांना. लिटरला दीड रुपया. दिवसाला एक धरला तर महिन्याला नऊशे. बंगल्यावर किंवा कार्यालयाला दहा हजार लिटरचा टँकर हजार-बाराशेला पडतो, म्हणजे लिटरला दहा-बारा पैसे. टँकरचे पाणी वापरायचे आणि जारचे प्यायचे, हा फरक मला मान्य. तरीही ज्याच्याकडे साठवायला टाकी आहे त्याला पाणी स्वस्त आणि ज्याच्याकडे हंडा आहे त्याला महाग, हा बाजार कोणत्या न्यायाचा? शिवाय शुद्ध करणारे यंत्र जेवढे पाणी देते त्याहून जास्त बऱ्याचदा गटारात सोडते.

महाडला १९२७ च्या २० मार्चला चवदार तळे आटलेले नव्हते. तळे भरलेले होते. १९२३ साली मुंबई कायदे मंडळात बोले यांचा ठराव झालेला होता, १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. कागद होता, पाणी होते, ओंजळ पोहोचत नव्हती. बाबासाहेबांनी ती पोहोचवली. पुढे दावे चालले, उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ उजाडले. आज जगात दोनशे कोटींहून जास्त माणसांना घरात सुरक्षित पिण्याचे पाणी नाही. त्यातल्या अनेकांच्या जवळून नदी वाहते, वाहिनी जाते. २८ जुलै २०१० ला संयुक्त राष्ट्रांनी पाणी हा मानवी हक्क असल्याचा ठरावही केला. ठराव आहे. ओंजळीचे बघायचे आहे.

परवा संध्याकाळी त्या मुलीच्या घरी गेलो. तिला सांगितले की चार पानांनंतर पाचवे पान जोड. आठवडाभर नळ किती वाजता आला, किती वेळ टिकला, किती हंडे भरले, जार किती घेतले, शाळेचा पहिला तास किती वेळा बुडाला. आई म्हणाली, "हे शाळेत कोण बघणार, भाऊ?" मी म्हटले, शाळेने नाही बघितले तर ग्रामसभेत वाचू. मुलगी तोवर हंड्यात लिटरच्या बाटलीने पाणी ओतून मोजायला बसली होती. तिचा हंडा चौदा लिटरचा निघाला. आई इतकी वर्षे पंधराचा समजत होती.

कदमवाकवस्ती, थेऊर, कुंजीरवाडी, उरुळी कांचन इकडच्या वाचकांनीही आपापल्या घरचा सात दिवसांचा हिशेब असाच मांडून या सदराच्या पत्त्यावर साध्या कार्डावर पाठवावा. घरात माणसे किती, ते वर लिहावे. हंडा आधी मोजून घ्यावा.