मध्यस्थाची निवड

1966 पासून चंडीगड ही पंजाब व हरियाणा या दोन राज्यांची राजधानी आहे. पंजाबची राजभाषा पंजाबी, हरियाणाची प्रमुख राजभाषा हिंदी, आणि खुद्द केंद्रशासित चंडीगडची कारभारभाषा मात्र इंग्रजी. मराठी साहित्यकृती येथील पंजाबी वाचकापर्यंत न्यावयाची, तर मध्यस्थ हिंदी असावी की इंग्रजी, हा प्रश्न त्यामुळे केवळ तात्त्विक राहत नाही. तथापि त्याचे उत्तर बहुधा सोयीने दिले जाते: जे भाषांतर हाताशी असेल, त्यालाच मूळ मानले जाते.

बिनतारी संदेशवहनाच्या शास्त्राने या प्रश्नाचा विचार अधिक काटेकोरपणे केला आहे. प्रेषक, ग्राहक आणि त्यांच्यामधील मध्यस्थ केंद्र यांचा प्रश्न व्हॅन डर म्यूलेन यांनी 1971 मध्ये मांडला. अनेक केंद्रांतून एक कसे निवडावे, याचा सोपा निकष 2006 मध्ये ब्लेत्सास व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिला. प्रत्येक मध्यस्थाला दोन दुवे असतात: एक प्रेषकाकडील, दुसरा ग्राहकाकडील. त्यांपैकी जो क्षीण, त्यावरूनच मध्यस्थाची योग्यता ठरवावी. ज्याचा क्षीण दुवाही इतरांच्या क्षीण दुव्यांहून सबळ, तो निवडावा. परिस्थिती पालटली की निवडही पालटते.

हा निकष भाषांतराला लावून पाहण्यासारखा आहे. ‘मावशी’, ‘आत्या’, ‘काकू’ या तिघी इंग्रजीत एकाच शब्दात विरून जातात. पंजाबीत मात्र ‘मासी’, ‘भूआ’, ‘चाची’ त्यांची वाट पाहत असतात. हिंदी ही नाती राखते. पण मराठी आणि पंजाबी या दोहोंत असलेला ‘ळ’ प्रमाण हिंदीत नाही, आणि ‘काळे’ वाटेतच ‘काले’ होतात. दोन्ही टोकांना जे आहे तेच मध्ये हरवावे, ही हानी अटळ नव्हे. ती निवडीची हानी आहे. कुटुंबकथेला जो मध्यस्थ मानवेल, तोच ध्वनिप्रधान कवितेला मानवेल असे नाही.

मराठी व पंजाबी दोन्ही उत्तम जाणणारे भाषांतरकार विरळा, हा आक्षेप खरा आहे. परंतु त्यावरून मूळ कृती बाजूला ठेवावी असे ठरत नाही. सहकारी जाळ्यात ग्राहक मध्यस्थाचा संदेश घेतो, म्हणून थेट आलेला क्षीण संदेश टाकून देत नाही. दोन्ही जुळवून अर्थ लावतो. हिंदीमुळे देवनागरी वाचू शकणाऱ्या पंजाबी भाषांतरकाराला मराठी पान शेजारी ठेवणे अवघड नाही. अडेल तेथे मराठी जाणकाराला विचारताही येते.

गुरु ग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदे आहेत. ती कोणा मध्यस्थाने केलेली अभंगांची भाषांतरे नव्हेत. उत्तरेच्या लोकांना समजेल अशा बोलीत रचलेली ती पदे आहेत. त्याच नात्याच्या स्मरणाने 2015 मध्ये पंजाबातील घुमान येथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्या नात्याचा उत्सव करणाऱ्यांनी निदान एवढा दंडक पाळावा: प्रत्येक भाषांतरावर मध्यस्थ भाषेचे नाव छापावे, आणि ती का निवडली याचे कारण प्रस्तावनेत द्यावे. कारण द्यावे लागले, म्हणजे केवळ सोयीवर भागत नाही.