पाठवू का तिला?

रविवारी दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात नगरहून दादाचा फोन. दादा रविवारी दुपारी कधी फोन करत नाही, त्या वेळी तो स्वतःच घोरत असतो. म्हटलं, काहीतरी विशेष आहे. तर त्याच्या लेकीने बी.एस्सी. झाल्याझाल्या घरात बॉम्ब टाकला होता. तिला पाच-सहा महिने मिशनरी प्रशिक्षणाच्या शाळेत जायचंय. आणि कुठे, तर हवाईला!

"तू जाऊन आलायस. तूच सांग, पाठवू का तिला?"

विचार करून सांगतो म्हटलं आणि गेले आठ दिवस विचारच करतोय. फोनवर मला असलं काही नीट सांगता येत नाही, म्हणून लिहून काढतो. दादा-वहिनींनी वाचावं, तिने तर वाचावंच. बाकी नातेवाईक मंडळींनीही वाचा. "अमेरिकेत जाऊन भांडी घासून आला" म्हणून तुम्ही सगळे हसला होतात, ते मी विसरलेलो नाही.

मी गेलो २००३ साली. शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे थोडी तक्रार करायची आहे आणि अशा शाळा जगात पुष्कळ आहेत. हवाईच्या सगळ्यात मोठ्या बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर कोना आहे. तिथला विमानतळच मुळी १८०१ च्या लाव्हावर बांधलेला. मी नारळ आणि निळा समुद्र बघायला आसुसलेलो (तेही होतंच म्हणा), पण पहिलं काय दिसलं, तर आपल्या नगर-मनमाड रस्त्याकडेला असतो तसला काळा कातळ. आपला दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तो दोनशे वर्षांचा, पण जात एकच. शाळेच्या फाटकापाशी माझ्या गळ्यात पांढऱ्या चाफ्याची माळ घातली. आता आपल्याकडे तो चाफा कुठे असतो? कबरस्तानात! मनात आलं, आलो तोच पुरलं की काय.

दिवस असा असायचा. सहाला उठायचं. प्रत्येकाने एकट्याने बायबल घेऊन बसायचं, त्याला "शांत वेळ" म्हणायचे. मग नाश्ता, मग गिटारवर उपासना, मग लेक्चर. दर आठवड्याला नवा वक्ता आणि नवा विषय. देवाचा स्वभाव, क्षमा, प्रार्थना, असे बारा आठवडे. दुपारी दोन तास काम. कुणी बागेत, कुणी संडास धुवायला, कुणी किचनमध्ये. रात्री डॉर्ममध्ये सहा जण, तीन दुमजली खाटा, छतावर पालींची चुकचुक. आठवडाभर मनात काय आलं ते वहीत लिहून शनिवारी द्यायचं. माझी वही पहिले तीन आठवडे जवळजवळ कोरी होती. मनातलं परक्या माणसाला लिहून द्यायची आपल्याला सवय कुठे असते?

पण सगळ्यात अवघड गेलं ते पैशांचं. तिथे फी ज्याची त्याने उभी करायची असते. शिकवणारे आणि व्यवस्था बघणारेही बिनपगारी, त्यांनाही त्यांची चर्चेस आणि मित्र पैसे पाठवतात. त्यामुळे गोऱ्या मुलांना पत्रं लिहून पैसे मागण्यात काही वाटत नसे. माझ्यासाठी आईने भिशी उचलली होती, दादाने सोसायटीचं कर्ज काढलं होतं, आणि आपल्या मंडळीत एका रविवारी खास अर्पण झालं होतं. त्यात पहिल्या बाकावरच्या आजींनी वीसची नोट टाकलेली मी पाहिली होती. ती नोट सहा महिने माझ्या डोळ्यांपुढे होती. कंटाळवाण्या लेक्चरला डोळा लागला की दचकून उठायचो... आजींचे वीस रुपये!

माझी ड्यूटी भांडी घासण्याची. दीड-दोनशे माणसांची ताटं, वाफेने कोंदलेली खोली आणि गळ्यात रबरी एप्रन. माझ्या जोडीला साठीचे एक कोरियन गृहस्थ होते. त्यांना इंग्रजी जेमतेम, मला कोरियन शून्य. ते ताटं खरवडायचे, मी पाणी मारायचो. महिन्याभराने कळलं की त्यांचा सोलला कारखाना होता, तो मुलांवर सोपवून ते इथे आले होते. शेजारी अठरा वर्षांचा एक नॉर्वेजियन पोरगा त्यांच्यावर ओरडायचा, "लवकर!" आणि ते हसून मान डोलवायचे. आपल्याकडे अशा माणसाला कुणी ताट उचलू दिलं असतं का? पाळकसाहेबांना तरी देतो का आपण? बारा आठवड्यांच्या लेक्चरांतलं मला आज फार थोडं आठवतं. हे मात्र आठवतं. तेव्हा शाळेचं हे देणं मी मोकळ्या मनाने मान्य करतो.

आता तक्रार.

वर्गात जगाचा एक मोठा नकाशा होता. शुक्रवारी त्याभोवती उभं राहून देशादेशांसाठी प्रार्थना व्हायची. भारताची पाळी आली की सगळे माझ्याकडे वळायचे. एकीने अगदी प्रेमाने विचारलं, "तू ख्रिस्ती कधी झालास?" म्हटलं, मी नाही झालो, माझ्या पणजोबांचे वडील झाले. तिला ते पटेचना. नकाशावर आमचा रंग "सुवार्ता न पोचलेला" असा होता. माझी आजी "उपासना-संगीत" पाठ म्हणायची, रेव्हरंड टिळक आमच्या गावचे म्हणून आम्ही मिरवायचो, आणि इथे आम्ही नकाशावर नाहीच!

पण थांबा, माझंही काही वेगळं नव्हतं. ज्या बेटावर मी राहत होतो, तिथल्या माणसांबद्दल मला काय माहीत होतं? काहीच नाही. आणि बारा आठवड्यांत त्यावर एकही लेक्चर झालं नाही.

कळलं ते अपघाताने. एका रविवारी उतार उतरून गावातल्या जुन्या दगडी चर्चला गेलो. मोकुआइकाउआ चर्च, लाव्हाच्या दगडात बांधलेलं, १८३७ चं. आत एका जहाजाची प्रतिकृती होती, थॅडियस. बोस्टनहून निघून साडेपाच महिन्यांनी, एप्रिल १८२० मध्ये, त्या जहाजातून पहिले मिशनरी याच किनाऱ्याला लागले. त्यांना पाठवणाऱ्या संस्थेचं नाव वाचलं आणि मी मटकन बाकावर बसलो. अमेरिकन बोर्ड! याच बोर्डाने धाडलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ मध्ये मुंबईला पोचले होते. त्यांच्याच मिशनने पुढे नगरला शाळा काढल्या आणि "ज्ञानोदय" सुरू केलं. म्हणजे हे बेट आणि आम्ही एकाच घरची भावंडं, आणि आम्हाला एकमेकांचा पत्ता नाही!

मग लायब्ररीतून पुस्तकं आणून वाचत सुटलो. याची सुरुवात ओपुकाहाइया नावाच्या एका हवाईयन पोरापासून झाली. आईवडील लढाईत मारले गेलेले, जहाजावर चढून अमेरिकेला पोचलेला. कनेक्टिकटमधल्या कॉर्नवॉल गावी १८१७ मध्ये अशा परदेशी मुलांसाठी मिशन शाळा निघाली, त्यात तो शिकला आणि १८१८ मध्ये टायफसने तिथेच वारला. त्याची कहाणी वाचून थॅडियसवरचे लोक निघाले. आणि त्या शाळेचं काय झालं? तिथल्या दोन चेरोकी विद्यार्थ्यांनी गावातल्या गोऱ्या मुलींशी लग्नं केली, गाव खवळलं, आणि १८२६ मध्ये शाळा बंद पडली. शिकवायला चालत होते, जावई म्हणून नको होते. हे वाचल्यावर आपल्याकडचं बरंच काही आठवलं... असो.

त्या पहिल्या मिशनऱ्यांची एक गोष्ट मात्र मला आवडली. जहाज किनाऱ्याला लागल्यावर त्यांनी आधी राजाची परवानगी मागितली, कशासाठी आलोय ते सांगितलं. राजाने एक वर्षाची मुदत दिली. पाहुण्याने असंच यावं. त्यांतले आसा थर्स्टन चाळीसहून जास्त वर्षं कैलुआत राहिले, तिथली भाषा शिकले. पण पुढे काय झालं बघा. १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानीला पदच्युत करणाऱ्यांचा पुढारी लॉरिन थर्स्टन हा याच आसा थर्स्टनचा नातू! शंभर वर्षांनी, १९९३ मध्ये, त्या मिशनऱ्यांचा वारसा सांगणाऱ्या चर्चने हवाईयन लोकांची जाहीर माफी मागितली, आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या काँग्रेसनेही. योगायोग असा की ओपुकाहाइयाच्या अस्थीही १९९३ मध्येच कोनाजवळ, त्याच्या माणसांत आणून पुरल्या.

त्या चर्चमध्ये एक हवाईयन आजी भेटायच्या. पहिल्या भेटीत त्यांनी माझं नाव विचारलं नाही. विचारलं, "कधी जाणार?" मी म्हटलं, महिन्याभराने. "हं. तुमच्या शाळेतली मुलं गोड असतात," म्हणाल्या, आणि त्यांच्या बागेतला अळूचा कंद माझ्या हातात ठेवला. तिथे अळू हा माणसाचा थोरला भाऊ मानतात. आम्ही अळूची वडी करतो हे सांगितल्यावर त्या पोट धरून हसल्या. अडीच महिन्यांत त्या बेटावरच्या माणसाशी माझं झालेलं ते पहिलं बोलणं!

आता जे सांगायचं टाळत आलोय ते सांगतो. बारा आठवडे संपल्यावर प्रत्येक गटाला बाहेरदेशी सेवेला पाठवतात. आमचा गट भारतात आला. बाकीचे नऊ जण टुरिस्ट व्हिसावर. आपल्याकडे मिशनरी कामाला वेगळा व्हिसा लागतो, टुरिस्ट व्हिसावर प्रचार चालत नाही, हे मला माहीत होतं. मी एकदा बोललो. "देव दार उघडेल," असं उत्तर मिळालं आणि मी गप्प बसलो. मला घरी यायचं होतं ना! मराठवाड्याच्या कडेच्या एका गावात आम्ही नऊ दिवस होतो. गाणी, नाटुकली, साक्षी, आणि दुभाषा मी. लोक गोऱ्या पोरांना बघायला जमायचे. फोटो छान आले.

आम्ही निघालो. तिथले पाळकसाहेब तिथेच राहिले. तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. दोनदा चौकीवर बोलावून दिवसभर बसवलं होतं, परदेशी लोक कोण, कुठून आले, पैसे किती दिले. घरमालकाने सभेची खोली रिकामी करायला सांगितली. मनोहरपूरला १९९९ मध्ये स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं जाळली गेली, त्याला पाच वर्षंच झाली होती. पाळकसाहेबांच्या बायकोला रात्री झोप लागत नसे. ते मला एक शब्द वाकडा बोलले नाहीत. "तुम्ही पोरं, तुम्हाला काय म्हणायचं," एवढंच म्हणाले. त्या नऊ दिवसांतलं प्रत्येक वाक्य माझ्या तोंडून मराठीत आलं होतं. गटातल्या कुणाला आज त्या गावाचं नाव आठवत नसेल. मला आठवतं.

म्हणून माझं मत असं. देवाचं नाव घेऊन निघालेला माणूसही दुसऱ्याच्या दारात पाहुणाच असतो. पाहुण्याने विचारून यावं, खरं कारण सांगून यावं, घरचा कायदा पाळावा, कामाला हात लावावा. थोडे दिवसच राहणार असेल तर शिकवायला नाही, शिकायला यावं. जास्त दिवस राहिला तर घराचा मालक होऊ नये. हे जमलेली माणसंही आहेत. सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईत उतरली आणि १८६२ मध्ये नगरलाच वारली. जोतीराव फुल्यांनी नगरला येऊन जी मुलींची शाळा पाहिली ती तिची. चौतीस वर्षं मुलींना वाचायला शिकवत राहिली. प्रत्येकाने चौतीस वर्षं द्यावीत असं मी म्हणत नाही, मीही दिली नाहीत. पण दहा आठवड्यांच्या कामाला चौतीस वर्षांच्या कामाचं नाव देऊ नये.

तर दादा, पाठव तिला. अर्धी फी मी देतो, सोसायटीचं कर्ज काढू नकोस.

आणि बाई गं, तुला एवढंच. वक्त्यांच्या वह्या भरशील तेवढ्या भर, पण पहिल्याच आठवड्यात त्या दगडी चर्चमध्ये जाऊन बस. नकाशा उलगडला की माझ्या पणजोबांच्या वडिलांचं सांग, आणि मग तिथल्या आजींना त्यांचं विचार. बाहेरदेशी पाठवतील तेव्हा आधी कुठला व्हिसा ते विचार. "देव दार उघडेल" असं उत्तर आलं तर जाऊ नकोस, लागलं तर परत ये. नगरला कुणी तुला हसणार नाही, ते मी बघतो.

आणि भांडी घासायची ड्यूटी मिळाली, तर बदलून घेऊ नकोस.