स्वस्त घरांचे गाव

घरांच्या किमती सामान्य नोकरदाराच्या आवाक्याबाहेर गेल्या, ही इंग्लंडमधील नित्याची तक्रार आहे आणि ती खोटी नाही. तेथील सरासरी घराची किंमत अडीच लाख पौंडांच्याही वर गेली आहे. परंतु त्याच देशाच्या ईशान्येस, डरहम परगण्याच्या समुद्रकाठी, हॉर्डन नावाचे जुने खाणगाव आहे. तेथे गेल्या दशकात पक्क्या विटांची घरे वीस-पंचवीस हजार पौंडांच्या आसपास लिलावात निघाली. घर स्वस्त झाले की गरिबाला निवारा मिळतो असे बाजाराचे पुरस्कर्ते सांगत असतात. त्यांनी हॉर्डनकडे एकवार पाहावे.

हॉर्डनची खाण १९०० साली खणावयास घेतली गेली. भरभराटीच्या काळात तेथे ४,००० हून अधिक कामगार राबत. समुद्राच्या तळाखालचा कोळसा ते वर आणीत. कंपनीने त्यांच्यासाठी घरांच्या रांगा उभ्या केल्या, पण गल्ल्यांना नावे देण्याचे कष्टही घेतले नाहीत. पहिली, दुसरी असे करीत त्या तेराव्या गल्लीपर्यंत केवळ मोजल्या गेल्या. घर कामाबरोबर मिळे आणि कामाबरोबरच जाई. डरहमच्या खाणींत उभा जन्म घालविलेल्या वृद्धाला निवृत्तीबरोबर उंबरठाही सोडावा लागे. हा अन्याय असह्य झाल्यावर तेथील खाणकामगारांनी १८९८ साली स्वतःची संस्था काढली, आठवड्याच्या पगारातून पै-पैसा जमविला आणि वृद्ध सोबत्यांसाठी बैठी घरे बांधली. ती घरे डरहमच्या गावोगाव आजही उभी आहेत.

१९४७ साली खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा कंपन्यांची घरेही राष्ट्रीय कोळसा मंडळाकडे आली. सार्वजनिक झालेली ही मालमत्ता सार्वजनिक राहिली असती, तर आजची कथा निराळी झाली असती. पण मंडळाने १९७० आणि १९८० च्या दशकांत ती विकून टाकली. काही राहत्या कामगारांना, काही घाऊक भावाने खासगी मालकांना. १९८४-८५ चा वर्षभराचा संप मोडला गेला आणि १९८७ मध्ये हॉर्डनची खाण बंद झाली. पुढे २०१३ साली सरकारी भाडेसाहाय्य घेणाऱ्या भाडेकरूकडे एक खोली जास्त असेल तर त्या साहाय्यात १४ टक्के कपात सुरू झाली. एकट्यादुकट्या माणसाला दोन खोल्यांचे घर परवडेना, घरे ओस पडू लागली आणि ज्या गृहनिर्माण संस्थेकडे गावातील पुष्कळ घरे होती तिने ती विकावयास काढली.

ती घेतली कोणी? हिशेब सोपा आहे. पंचवीस हजारांचे घर महिना साडेतीनशे पौंडांनी भाड्याने गेले, तर सहा वर्षांत भांडवल वसूल होते. भाडेकरू गरीब असल्यामुळे त्यातील मोठा वाटा सरकारी तिजोरीतूनच येतो. म्हणजे एकेकाळी समाजाच्या मालकीचे असलेले घर कवडीमोलाने खासगी मालकाने घ्यावे आणि त्याचे भाडे समाजानेच त्याला भरावे! या मालकाने पुष्कळदा गावही पाहिलेले नसते. छपराला गळती लागली तर दाद कोणाकडे मागावी हे भाडेकरूस कळत नाही. खिडक्यांना पत्रे ठोकलेल्या रिकाम्या घराची ओल शेजारच्या भिंतीत उतरते.

सर्वांत कठीण अवस्था आहे ती त्या निवृत्त कामगाराची, ज्याने काटकसर करून आपले राहते घर विकत घेतले. कागदोपत्री तो मालक आहे. परंतु मुले पोटापाण्यासाठी दूर शहरात गेली. त्यांच्याजवळ जावे म्हटले, तर या घराच्या पैशात तेथे एक खोलीदेखील मिळत नाही. शेजार पालटत राहतो आणि तो गल्लीतच अडकून पडतो.

काही सुधारणा झाल्या हे मान्य केले पाहिजे. खाणीच्या कचऱ्याने काळाठिक्कर झालेला किनारा स्वच्छ करण्यात आला, २०२० मध्ये गावाला पुन्हा रेल्वेस्थानक मिळाले, आणि २०२२ पासून परगण्याच्या काही भागांत खासगी घरमालकांस परवाना सक्तीचा झाला. परंतु घराची मालकी कोणाची, या प्रश्नाला त्यांपैकी कशानेच हात घातला नाही. येथे आपल्याच विचाराच्या लोकांनाही दोष दिला पाहिजे. मजूर पक्षाच्या ताब्यातील डरहम कौन्सिलनेच १९५१ साली ११४ गावे ‘भवितव्यहीन’ ठरवून त्यांत नवी गुंतवणूक न करण्याचे धोरण आखले होते. हॉर्डन त्या यादीत नव्हते. पण रहिवाशांना न विचारता गावाचे आयुष्य ठरविण्याची सवय तेव्हापासूनची आहे.

चंद्रपूर, वणी, बल्लारपूर, उमरेड या भागांतील आमच्या कार्यकर्त्यांना यातले बरेच ओळखीचे वाटेल. आपल्या कोळसा खाणी १९७३ साली राष्ट्रीयीकृत झाल्या. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या वसाहतींत निवृत्त कामगाराला आजही क्वार्टर रिकामे करावे लागते. कोळसा एक दिवस संपणार किंवा सोडून द्यावा लागणार, हे आता सरकारही बोलते. त्या दिवशी या वसाहती लिलावात जाणार, की तेथे राहणाऱ्यांच्या सहकारी संस्थांकडे? वेतनाच्या वाटाघाटींत हा प्रश्न कामगार संघटनांनी आजच मांडावा. खाणीला कुलूप लागल्यावर तो मांडण्याइतके बळ संघटनेत उरत नाही.