बर्फावरील हॉकी व आमचा पक्ष

गेल्या खेपेस ब्राह्ममुहूर्तावर उठण्याच्या संवयीविषयीं लिहितांना आम्ही ओघांत असें लिहून गेलों कीं, थंडीच्या दिवसांत दर रविवारीं पहांटे साडेपांच वाजतां आम्ही कॅनडांतील बर्फावरील हॉकीचा सामना पाहतों. त्या एका वाक्यावर जितकीं पत्रें आलीं तितकीं मूळ विषयावर आलीं नाहींत. एका वाचकभगिनींनीं विचारलें आहे कीं, शब्दरूपावली पाठ करून घेण्यांत ज्यांचा जन्म गेला त्यांस हें वेड कोठून जडलें? दुसऱ्या एका सद्गृहस्थांनीं थोडक्यांत विचारलें आहे, "आपण कोणाच्या बाजूचे?" पहिल्या प्रश्नाचें उत्तर सोपें आहे. आमची कन्या टोरोंटोनजीक मिसिसागा येथें असते. तिच्या घरीं आम्हीं दोन हिंवाळे काढले, आणि बाहेर गुडघाभर बर्फ असतां घरांत दुसरें कांहीं करण्यासारखें नव्हतें. तिकडील शनिवारच्या रात्रीचे सात म्हणजे आपल्याकडील रविवारच्या पहांटेचे साडेपांच; त्यामुळें परत आल्यावरही हा नाद सुटला नाहीं. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर मात्र एका ओळींत देतां येण्याजोगें नाहीं. त्यावरून आमच्या घरांतच दोन तट पडले आहेत.

ज्यांनीं हा खेळ पाहिला नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द. ध्यानचंदांच्या हॉकीशीं याचें नातें चुलतभावाचें आहे. हिरवळीच्या जागीं 200 फूट लांब व 85 फूट रुंद असें बर्फाचें अंगण असतें, चेंडूच्या जागीं कठीण रबराची 3 इंच व्यासाची चकती असते, आणि खेळाडूंच्या बुटांस पोलादी पातीं असतात. एका बाजूस गोलरक्षक धरून सहा गडी. ते इतक्या वेगानें धांवतात कीं पाऊण मिनिटांत दम संपतो. मग कठडा ओलांडून ते बांकावर येतात, व खेळ न थांबतां दुसरे आंत उडी घेतात. मारामारी करणाऱ्या गड्यास पांच मिनिटें एका खोक्यांत बसवून ठेवतात. शाळेंत बांकावर उभें करण्याचीच ही शीत कटिबंधांतील आवृत्ति होय, आणि गुणही तितपतच येतो. परंतु चषकाच्या फेऱ्यांत दोन दोन आठवडे एकमेकांस जखमी करणारे हे लोक मालिका संपतांच ओळीनें उभे राहून प्रत्येकाशीं हस्तांदोलन करितात, हें पाहून आमचा राग नेहमीं उतरतो.

या खेळाच्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक संघटनेची, म्हणजे 'नॅशनल हॉकी लीग'ची, स्थापना 1917 सालीं माँट्रियल येथें झाली. आज तींत 32 संघ आहेत. पैकीं कॅनडांत अवघे 7, बाकीचे अमेरिकेंत. ज्यासाठीं हे सर्व झगडतात तो चषक कॅनडाचे तत्कालीन गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ली यांनीं 1892 सालीं दिलेला असून त्यावर विजेत्या खेळाडूंचीं नांवें कोरतात. 1993 सालीं माँट्रियलनें तो जिंकला. त्यानंतर 2025 पर्यंत कॅनडांतील एकाही संघाच्या हातीं तो लागला नाहीं. याचें कारण शोधूं गेल्यास पैशापाशीं येऊन थांबावें लागतें असें पुष्कळ म्हणतात, आणि आम्हांस तें अर्धेंच खरें वाटतें. पण एवढें निश्चित कीं हा सारा धंद्याचा कारभार आहे. खेळाडू विकतां येतो, संघ विकतां येतो, संघाचें गांवही बदलतां येतें. नांवापुढें गांव असतें खरें, परंतु सातबाराचा उतारा मालकाच्या नांवें असतो. मग संघ कोणाचा म्हणावयाचा? आमच्या सर्व आवडीनिवडी या एका प्रश्नाभोंवतीं फिरतात.

आमच्या कन्येच्या घरचा संघ अर्थात् टोरोंटोचा. 1927 सालीं कॉन स्माइथ यांनीं त्याचें 'मेपल लीफ्स' असें नामकरण केलें. इंग्रजी शिकविणारे आमचे एक जुने सहकारी हें नांव ऐकून कपाळास आठ्या घालीत. 'लीफ'चें अनेकवचन 'लीव्ह्ज' व्हावयास हवें असें त्यांचें म्हणणें. आम्हांस त्यांत कांहींच वावगें वाटत नाहीं. झाडाच्या पानांचें व्याकरण निराळें आणि संज्ञेचें निराळें. पाणिनीनें संज्ञेपुरते स्वतंत्र नियम सांगितले आहेत. रावणाची बहीण शूर्पणखा होते ती तें तिचें नांव म्हणून. सुपासारखीं नखें असलेली एखादी सामान्य स्त्री असती तर तिचा णकारही गेला असता आणि अंत्य आकाराचा ईकार झाला असता. असो. या संघानें तेरा वेळां चषक जिंकला, शेवटचा 1967 सालीं, आणि तोही माँट्रियलला हरवून. त्या वर्षीं जन्मलेलीं मुलें आतां सेवानिवृत्तीच्या उंबरठ्यावर आलीं, पण गांवानें दुसरा चषक पाहिला नाहीं.

आणि हरण्याच्या तऱ्हा तरी किती! 13 मे 2013 च्या रात्रीं बॉस्टन येथें मालिकेचा सातवा व निर्णायक सामना होता. शेवटच्या वीस मिनिटांच्या डावांत टोरोंटोची 4-1 अशी आघाडी होती. बॉस्टननें शेवटच्या दीड मिनिटांत दोन गोल करून बरोबरी साधली व जादा वेळांत सामना जिंकला. आमचे जांवई त्या वेळीं त्या गांवीं नवखेच होते. शेजारचे एक वृद्ध गृहस्थ चार वर्षांत मान हालविण्यापलीकडे कधीं गेले नव्हते. ते दुसऱ्या दिवशीं सकाळीं कुंपणाशीं येऊन तासभर बोलत उभे राहिले, व शेवटीं डोळे पुसून घरांत गेले. जांवईबापूंचें म्हणणें असें कीं, नागरिकत्वाची शपथ आपण पुढें घेतली, परंतु त्या गांवचे झालों ते त्या सकाळीं. विजयांत कोणीही सामील होतो. सुतकांत घरचाच माणूस बसतो.

या युक्तिवादापुढें आम्ही नम्र आहों. तरी एक शंका राहतेच. संघ कितीही हरला तरी टोरोंटोचें प्रेक्षागृह भरतें, आणि तिकिटांचे दर ऐकून आमच्यासारख्या निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यास घेरी यावी. ज्या दुकानाचें गिऱ्हाईक माल न पाहतां दर सालीं दाम मोजून जातें, त्या दुकानदारास माल सुधारण्याची घाई कां असावी? निष्ठा हा सद्गुण खरा, पण त्याचें व्याज मालकास मिळावें हें आम्हांस रुचत नाहीं.

आमचें मन ओढतें तें माँट्रियलच्या 'कॅनेडियन्स' संघाकडे. चोवीस चषक जिंकल्यामुळें नव्हे. तितके दुसऱ्या कोणींच जिंकलेले नाहींत, पण यशाच्या मागें धांवण्याचें आमचें वय राहिलें नाहीं. हा संघ 1909 सालीं निघाला तोच मुळीं फ्रेंच भाषिकांचा संघ म्हणून. त्या काळीं माँट्रियलमध्यें वस्ती बहुसंख्य फ्रेंच, परंतु पेढ्या, कारखाने व वरच्या जागा इंग्रजी बोलणारांच्या हातीं होत्या. कामगाराच्या घरांत वाढलेला मोरिस रिशार या संघांत आला आणि 1944-45 च्या हंगामांत त्यानें 50 सामन्यांत 50 गोल केले. कारखान्यांत ज्याला साहेबाच्या भाषेंत हुकूम ऐकावे लागत, त्या माणसाला शनिवारच्या रात्रीं आपला एक मनुष्य सर्वांच्या पुढें धांवतांना दिसे. मार्च 1955 मध्यें रिशारनें बॉस्टन येथील सामन्यांत एका पंचावर हात टाकला. संघटनेचे अध्यक्ष क्लॅरन्स कँपबेल यांनीं त्यास उरलेल्या हंगामांतून व चषकाच्या सामन्यांतूनही बाद केलें. शिक्षा अपराधाच्या मानानें फार मोठी होती असें आम्हांस वाटत नाहीं. शिक्षकाच्या डोळ्यांनीं पाहतां पंचावर हात टाकणारास क्षमा नाहीं. परंतु ज्यांनीं पिढ्यान्पिढ्या दुसऱ्याच्या भाषेंतील निकाल निमूटपणें ऐकले होते त्यांस हा आणखी एक निकाल वाटला. 17 मार्च रोजीं अध्यक्ष महाशय स्वतः माँट्रियलच्या प्रेक्षागृहांत येऊन बसले. लोकांनीं त्यांच्यावर अंडीं-टोमॅटो फेंकले, अश्रुधुराचा गोळा फुटला, सामना थांबला, आणि रस्त्यावर रात्रभर दुकानें फुटत राहिलीं. दुसऱ्या दिवशीं रिशारनें रेडिओवरून लोकांस शांत राहण्याची विनंती केली आणि लोक शांत झाले. त्या वर्षीं संघ अंतिम फेरींत हरला. पुढील पांच वर्षें, 1956 पासून 1960 पर्यंत, चषक दुसऱ्या कोणास मिळाला नाहीं. 2000 सालीं रिशार वारला तेव्हां क्वेबेक प्रांतानें त्यास शासकीय इतमामानें निरोप दिला.

रोक कॅरिये यांची एक लहानशी कथा आहे, 1979 सालची. खेड्यांतील फ्रेंच मुलाच्या आईनें टपालानें रिशारच्या 9 नंबरचा सदरा मागविला, तर दुकानानें चुकून टोरोंटोचा निळा सदरा धाडला, आणि मुलावर तो घालून खेळावयास जाण्याची पाळी आली. एवढीच गोष्ट! पण पुढें तिच्यांतील ओळी कॅनडाच्या पांच डॉलरच्या नोटेवर छापल्या गेल्या. ज्या देशांत लहान मुलाच्या सदऱ्याचें दुःख नोटेवर येतें त्या देशाविषयीं आमचें मत चांगलें झालें.

याच संघाचा 1970 च्या दशकांतील गोलरक्षक केन ड्रायडन याच्याविषयीं आम्हांस विशेष ममत्व. आठ हंगामांत सहा चषक मिळविलेला हा गृहस्थ, पगारावरून मालकांशीं पटेना तेव्हां 1973-74 चें सबंध वर्ष खेळ सोडून वकिलीची उमेदवारी करण्यास गेला. पुढें त्यानें या खेळावर उत्कृष्ट ग्रंथ लिहिला, पार्लमेंटांत निवडून आला, मंत्री झाला. 2025 सालीं निवर्तला. खेळ दुसऱ्या टोंकास चालला असतां काठीवर दोन्ही हात व हातांवर हनुवटी टेकून तो उभा राही, तें चित्र पाहिलें कीं आम्हांस परीक्षेच्या वेळीं वर्गाच्या दारांत उभे राहणारे जुने हेडमास्तर आठवतात.

आमची नात मात्र या सर्वावर पाणी ओतते. ती कट्टर टोरोंटोची. मागें फोनवर म्हणाली, "आजोबा, तुम्हांला फ्रेंचचं अक्षर येत नाही, माँट्रियल तुम्ही पाहिलंसुद्धा नाही. आणि मी इथे दर वर्षी रडते, त्याचं तुम्हांला काहीच नाही?" तिनें आणखी असेंही दाखवून दिलें कीं, हल्लीं माँट्रियलच्या संघांत स्वीडिश, रशियन, अमेरिकन खेळाडू असतात व फ्रेंच बोलणारे थोडे. हें खरें आहे. तरी डिसेंबर 2011 मध्यें फ्रेंच न येणारा तात्पुरता प्रशिक्षक नेमतांच त्या शहरांत केवढा गहजब झाला, तें आम्हीं तिला सांगितलें. "म्हणजे प्रशिक्षकानं जिंकायला शिकवायचं की व्याकरण?" असा तिचा उलट प्रश्न. आमच्यापाशीं उत्तर होतें, पण आम्हीं तें दिलें नाहीं. मुलगी मिसिसागांत वाढली असून आमच्याशीं मराठींत भांडते, हें ऐकत राहणें आम्हांस अधिक गोड वाटलें.

गांव आणि संघ यांची ताटातूट कशी होते हें पाहावयाचें तर क्वेबेक शहराकडे पाहावें. तेथील 'नॉर्दिक' संघ 1995 सालीं विकला जाऊन डेन्व्हरला गेला, आणि 1996 सालीं, पहिल्याच वर्षीं, त्यानें चषक जिंकला. आंबा लाविला एकानें, पाड लागतांच तो गेला दुसऱ्याच्या परड्यांत. विनिपेगकरांचें दुःखही तसलेंच. 1995 सालीं संघ राहावा म्हणून गांवानें वर्गणी गोळा केली, सभा भरविल्या. तरी 1996 सालीं तो ॲरिझोनाच्या वाळवंटांत फीनिक्स येथें गेला. पंधरा वर्षें त्या गांवानें वाट पाहिली, व 2011 सालीं अटलांटाचा संघ तेथें येतांच जुनें 'जेट्स' हेंच नांव त्यास देऊन हंगामभराचीं तिकिटें कांहीं मिनिटांत संपविलीं. माँट्रियलच्या खालोखाल आमची सहानुभूति या गांवाकडे आहे. एडमंटननें तर 1988 सालीं वेन ग्रेट्स्कीसारखा खेळाडू लॉस एंजल्सला जातांना पाहिला. हा सौदा सरकारनें थांबवावा अशी मागणी पार्लमेंटच्या एका सभासदानें केली होती. त्याच्यावांचूनही 1990 सालीं एडमंटननें चषक जिंकला, ही गोष्ट आम्हांस फार समाधानाची वाटते.

फ्लॉरिडा, लास व्हेगस असल्या उन्हाळी गांवांच्या संघांवर आमचा जीव बसत नाहीं. 2020 पासून 2025 पर्यंतच्या सहा चषकांपैकीं पांच त्यांनींच नेले, हें मान्य करूनही बसत नाहीं. जेथें तळें कधीं गोठत नाहीं तेथें हा खेळ पिंजऱ्यांतील पोपटासारखा वाटतो. यावर जांवईबापू एकच नांव उच्चारतात : ऑस्टन मॅथ्यूज. हा मुलगा ॲरिझोनाच्या वाळवंटांत वाढला, आणि फीनिक्सचा तो विनिपेगहून नेलेला संघ पाहूनच लहानपणीं त्यास या खेळाचें वेड लागलें. 2023-24 च्या हंगामांत त्यानें 69 गोल केले, आणि 2024 सालीं तो कर्णधार झाला, तो टोरोंटोचाच! विनिपेगच्या वर्गणीदारांस याचें काय वाटत असेल तें त्यांचें त्यांस ठाऊक. फीनिक्सचा तो संघही 2024 सालीं युटामध्यें नेण्यांत आला.

ज्या वाचकांस एखादा सामना पाहण्याची इच्छा असेल त्यांनीं माँट्रियल व टोरोंटो यांची गांठ शनिवारीं पडेल तेव्हां आरंभ करावा. पहिल्या खेपेस चकतीच्या मागें डोळे लावूं नयेत. ती दिसत नाहीं, व डोकें दुखूं लागतें. गोलरक्षकाच्या खांद्यांकडे पाहावें, म्हणजे चकती कोठें आहे तें आपोआप समजतें. मार्चमध्यें तिकडचीं घड्याळें एक तास पुढें होतात, तेव्हांपासून आपल्याकडे साडेचारलाच उठावें लागतें. आमच्या सौभाग्यवती त्या वेळेपुरता दूरदर्शनचा आवाज बंद ठेवण्याच्या अटीवर तटस्थ आहेत.